आकडा कमी, पण काळजी जास्त

परवा धाकट्या जावेचा फोन आला. ‘‘ताई, एमआरआयचा रिपोर्ट आला. हार्टचा आकडा फक्त 9 आहे. कमीच आहे ना?’’ आवाजात चक्क आनंद! माझ्या मात्र पोटात गोळा आला.

पुतणी सतरा वर्षांची. थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. मग ते यकृतात, ग्रंथींमध्ये, हृदयात साचत राहतं. आम्ही बायका रक्त वाढावं म्हणून लोखंडी कढईत भाजी करतो, आणि इथे लोहच वैरी!

इतकी वर्षं आम्ही सगळे फेरिटिनच्या आकड्यावर विसंबून होतो. तो कमी आला की पेढे. पण साध्या तापानेही फेरिटिन वाढतं, आणि ते बरं दिसत असतानाही हृदयात लोह साठलेलं असू शकतं. इको तर बराच काळ नॉर्मलच येतो. हृदयातलं लोह दाखवते ती टी-टू-स्टार एमआरआय. 2001 साली लंडनच्या डॉक्टरांनी ती पुढे आणली. ना सुई, ना क्ष-किरण. लोह जितकं जास्त, तितका यंत्रातला सिग्नल लवकर विझतो. तो वेळ मिलिसेकंदांत मोजतात. म्हणजे इथलं गणित उलटं! 20 च्या वर असेल तर ठीक, 10 च्या खाली आला तर हार्ट फेल होण्याचा धोका.

हे जावेला कुणी सांगितलंच नाही. पाकीट हातात दिलं, पावती दिली, झालं. रिपोर्टखाली मराठीत एक ओळ लिहायला असा काय खर्च येतो हो?

ही तपासणी असते हेही तिला रक्त चढवताना शेजारच्या खाटेवरच्या आईकडून कळलं. दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू करून नियमित करायची तपासणी आमच्या मुलीची सतराव्या वर्षी झाली, तीही बांगडी मोडून. जिल्ह्याला एमआरआयचं मशीन असलं तरी हे मोजमाप तिथे होईलच असं नाही. आधी फोन करून विचारावं लागतं. सरकारी दवाखान्यात या मुलांना रक्त मोफत मिळतं, मग त्याच रक्तातून येणारं लोह मोजायचा खर्च आईच्या माथी का? माझ्या मते ही चैन नाही, उपचारच आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावलं. लोह हळूहळू काढता येतं, पण औषध चुकवायचं नाही. आता गोळ्यांच्या जोडीला रोज रात्री पोटाला सुई लावून पंप. पोरगी बारावीला आहे. पंप लावूनच अभ्यासाला बसते. परवा म्हणाली, ‘‘काकू, आता मला आकडा वाढवायचाय.’’

पुढच्या एमआरआयची तारीख जावेने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत ‘20 च्या वर’.