शाळेतले फ्रेंच आणि ऑनलाइन वर्गणी : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

हैदराबादमधील अनेक सीबीएसई शाळांत फ्रेंच शिकण्याची सोय आहे आणि आपल्या समाजातली मुलेही ती घेतात. अलीकडे पुस्तकाबरोबर ऑनलाइन साधनाची वार्षिक वर्गणीही आली आहे. काही शाळा ती शुल्कातच धरतात, काही पालकांकडून वेगळी घेतात. आपली काही मंडळी शाळांच्या व्यवस्थापनात आहेत, काही पालक समित्यांवर आहेत. म्हणून या खर्चाकडे जरा बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : वर्गणी एका वर्षापुरतीच घ्यावी, जे फुकट मिळत नाही त्याचीच घ्यावी आणि शिक्षकाच्या तासाला कात्री लावून कधीही घेऊ नये.

विषयच किती वर्षे टिकणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शाळेत शिकायच्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असल्या पाहिजेत. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची केली आहे. इंग्रजी सोडण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे इंग्रजी आणि तेलुगू झाल्यावर तिसरी जागा हिंदी, संस्कृत, उर्दू, मराठी अशा एखाद्या भारतीय भाषेला द्यावी लागेल. त्याच धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये फ्रेंचचे नाव आहे. मात्र इंग्रजी कायम ठेवून फ्रेंच शिकवायची, तर तिला चौथ्या, ऐच्छिक भाषेची जागा उरते. धोरणाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असल्यामुळे आज फ्रेंचला असलेल्या तासिका आणखी दोन वर्षांनी तेवढ्याच असतील असे धरून चालता येणार नाही.

भाषांबाबतचे निर्णय किती झटपट फिरतात, याची उदाहरणे ताजी आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून असलेली जर्मन वर्ष चालू असतानाच काढून तिथे संस्कृत आणली गेली. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले. अशा परिस्थितीत 'तीन वर्षांचे एकदम भरा, सवलत मिळेल' ही योजना विक्रेत्याच्या सोयीची आहे, शाळेच्या नाही.

फुकट काय मिळते

पैसे देण्याआधी फुकटाचा हिशेब मांडावा. 'टीव्ही ५ माँद' या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-१ पासून बी-२ पर्यंतच्या पातळ्यांचे, छोट्या चित्रफितींवर आधारलेले स्वाध्याय विनामूल्य आहेत. 'आरएफआय' या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधले सुमारे दहा मिनिटांचे बातमीपत्र मजकुरासह मिळते. ते आठवी-नववीच्या मुलांना सुरुवातीला जड जाईल, पण वर्गात थांबत थांबत ऐकवता येते. ड्युओलिंगो जाहिरातींसह फुकट आहे. शब्दसंग्रह, ऐकणे आणि सोपे व्याकरण एवढ्याची सोय यातून बऱ्यापैकी होते. वर्गणीच्या साधनात हेच रंगीत वेष्टनात असेल, तर पैसे वेष्टनाचे जातात.

परीक्षा कोणती?

दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा. सीबीएसईच्या दहावीला फ्रेंचचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. बोलण्याला फार वाव नाही. 'डेल्फ' या फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि प्रत्येक कौशल्यात किमान ५ मिळालेच पाहिजेत. एकीची तयारी दुसरीला पुरत नाही. आपल्या मुलांना दहावीचे गुण हवेत, डेल्फचे प्रमाणपत्र हवे की नुसती ओळख हवी, हे आधी ठरले तरच साधन निवडता येते.

इथे एक अडचण आहे. बाजारातली बरीचशी इंग्रजी माध्यमातली साधने ब्रिटनच्या शाळांसाठी तयार झालेली आहेत. तिथल्या जीसीएसई परीक्षेच्या नव्या अभ्यासक्रमात फ्रेंचची ठरावीक शब्दयादी आहे : खालच्या स्तराला १,२०० शब्द, वरच्याला १,७००. त्या यादीभोवती रचलेले साधन आपल्याकडच्या 'आंत्र ज्यन' या सीबीएसईच्या नववी-दहावीच्या पुस्तकाशी जुळेलच असे नाही. शाळेने विक्रेत्याला सरळ सांगावे, 'आमच्या पुस्तकातले हे तीन धडे घ्या आणि तुमच्या साधनात त्यांना काय काय आहे ते दाखवा.' उत्तर मिळाले नाही, तर निर्णय सोपा होतो.

पैसे कशाला द्यावेत

काही गोष्टी खरोखर फुकट मिळत नाहीत. मुलाचे बोलणे ऐकून चूक दाखवणारी सोय, शिक्षकाला स्वतः गृहपाठ लावता येणे, वर्गात कोण कुठे अडकले आहे याचा आढावा आणि पातळीप्रमाणे तपासून मिळणारे लेखन, यांसाठी खर्च करायला हरकत नाही. पण त्यांचा उपयोग शिक्षक ते रोज उघडणार असेल तरच. म्हणून साधन आधी महिनाभर एकाच वर्गात वापरून पाहावे आणि निर्णय फ्रेंचच्या शिक्षकाने घ्यावा. पुष्कळदा तो संगणक विभाग किंवा लेखा विभाग घेतो.

खर्चाची तुलना करायची तर एक साधा हिशेब पाहा. समजा, ४० मुलांची वर्गणी प्रत्येकी १,५०० रुपये. एकूण ६०,००० झाले. याच शहरात तारनाक्याला इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आहे आणि तिथे फ्रेंचचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. एखाद्याला तासाला १,००० रुपये दिले तरी त्या रकमेत ६० तास होतात. दहा-दहा मुलांचे चार गट केले, तर प्रत्येक गटाला माणसाशी फ्रेंच बोलण्याचे १५ तास मिळतात. असा पर्याय प्रत्येक शाळेला जमणार नाही, पण वर्गणीच्या कागदावर सही करण्याआधी तो टेबलावर असायला हवा.

मराठी मुलाचा फायदा

कोणत्याही वर्गणीत न मिळणारी एक गोष्ट आपल्या घरात आहे. बहुतेक साधने फ्रेंच इंग्रजीतून समजावतात, आणि इंग्रजीत जे नाही ते मुलाला अवघड वाटते. मराठीत मात्र ते असते. तू आणि तुम्ही हा फरक फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू' असा आहे. वस्तूलाही लिंग असते, हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. फक्त कोणत्या शब्दाचे कोणते, ते पाठ करावे लागते. 'तो गेला, ती गेली' असा क्रियापदाचा बदल फ्रेंचच्या 'जाणे'च्या भूतकाळातही होतो, पण तो उच्चारात ऐकू येत नाही, फक्त लिहिताना दिसतो. 'त्याचा भाऊ, त्याची बहीण' इथे शेवट नात्याच्या शब्दाप्रमाणे बदलतो. फ्रेंचच्या 'सों' आणि 'सा'चेही तसेच आहे. आणि ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार विसा' म्हणतो, तेव्हा आपल्या आजी हसून मान डोलावतील. घरी मराठी पक्की असेल तर फ्रेंचचे निम्मे व्याकरण ओळखीचे निघते. फ्रेंचसाठी घरचे मराठी मागे सारणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

नावे आणि माहिती कुणाकडे जाते

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मनाई आहे. शाळांना शिकवण्याच्या कामापुरती काही सवलत आहे. त्यामुळे साधनात मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र, आवाज यांपैकी काय साठवले जाते आणि वर्गणी संपल्यावर ते पुसले जाते का, हे लेखी विचारावे. नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरता आला तर उत्तम.

पालक सभेत विचारायला चार प्रश्न पुरेत : कोणत्या परीक्षेसाठी, फुकटापेक्षा जास्त काय, आमच्या शिक्षकांनी वापरून पाहिले का आणि एक वर्षाने सोडता येईल का. यातल्या एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरण्याची घाई करू नये. आणि तिसऱ्या भारतीय भाषेचा विषय निघालाच, तर मराठीही सीबीएसईच्या विषयांच्या यादीत आहे, याची आठवण त्याच सभेत करून द्यावी. पुरेशी मुले असली, तर शाळेला त्या मागणीचा विचार करावा लागेल.