शुल्क कमी, चाळणी बारीक

जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, जागा १००. त्यांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. खासगीत वर्षाला कित्येक लाख मोजावे लागतात, इथले शुल्क त्यामानाने किरकोळ. मग रांग लागणारच. पैशाने न होणारी चाळणी ‘नीट’ या प्रवेश परीक्षेचे गुण करतात. आणि ते गुण मिळवायला पोरे जातात कुठे? लातूरच्या शिकवण्यांना, भक्कम फी भरून! स्वस्त जागेची किंमत अशी आधीच वसूल होते. ७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना देणारे ७०:३०चे प्रादेशिक सूत्र २०२० मध्ये रद्द झाल्यापासून राज्याच्या जागांसाठीही अख्खा महाराष्ट्र स्पर्धेत आहे. ही स्पर्धा सैल करायची तर जागा वाढायला हव्यात; पण अध्यापक आणि रुग्णालयातल्या खाटा वाढल्याशिवाय त्या वाढत नाहीत. सरकारने सुरुवात तिथूनच करावी.