फुटबॉल संघांचा प्रवास : वेळापत्रकाचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस रेआल माद्रिदचा संघ चॅम्पियन्स लीगच्या सामन्यासाठी कझाकस्तानातील अल्माटी शहरात दाखल झाला. शनिवारी हा संघ माद्रिदमध्येच ॲटलेटिको माद्रिदकडून ५-२ असा पराभूत झाला होता. मंगळवारी रात्री तो सुमारे ६,४०० किलोमीटर दूरच्या मैदानावर उभा होता. कैरात अल्माटीवर रेआलने ५-० असा विजय मिळविला आणि प्रवासाची चर्चा निकालाखाली झाकली गेली. मात्र रेआलला हा पल्ला त्या फेरीत एकदाच गाठायचा होता. कैरातला लिस्बन, मिलान, कोपनहेगन आणि लंडन अशा चार लांबच्या वाऱ्या करणे भाग होते. स्पर्धेचे नियम दोघांना सारखेच होते. प्रवासाचा भार मात्र सारखा नव्हता.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघाने कसा प्रवास करावा, हा वरवर पाहता क्लबच्या व्यवस्थापकाचा प्रश्न वाटतो. बस, रेल्वे की विमान, मुक्काम करायचा की त्याच रात्री परतायचे, हे तोच ठरवितो. प्रत्यक्षात त्याच्यापुढील पर्याय आधीच आखलेले असतात. सामना कोणत्या दिवशी, किती वाजता आणि पुढचा सामना किती दिवसांनी, हे महासंघ, लीग आणि प्रक्षेपण कंपन्या ठरवितात. निर्णय एकाचा आणि परिणाम दुसऱ्याच्या माथी, अशी ही रचना आहे.

सत्तावीस मिनिटांचे उड्डाण

इंग्लंडसारख्या आटोपशीर देशात हा विरोधाभास ठळकपणे दिसतो. 'बीबीसी'ने २०२३ च्या जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांतील प्रीमियर लीग संघांच्या १०० सामन्यांचा मागोवा घेतला, तेव्हा देशांतर्गत ८१ विमान उड्डाणे आढळली. त्यांपैकी काही तर जेमतेम २७ मिनिटांची होती. त्याआधी २०१५ मध्ये आर्सेनलचा संघ नॉर्विचला, तर २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ लेस्टरला विमानाने गेला, तेव्हाही टीकेची झोड उठली होती. अनेकदा क्लबची स्वतःची बस रिकामीच रस्त्याने पुढे धाडली जाते आणि विमानतळावर उतरलेल्या खेळाडूंना तीच मैदानापर्यंत नेते. म्हणजे विमानाने रस्त्यावरची फेरी वाचत नाही, उलट एक फेरी वाढते.

क्लबांचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. रात्री आठला सुरू झालेला सामना दहाच्या सुमारास संपतो. वैद्यकीय तपासणी, पत्रकारांशी बोलणे, आंघोळ, जेवण हे सारे उरकेपर्यंत परतीची शेवटची रेल्वे निघून गेलेली असते. महामार्गावरील कोंडीत चार-पाच तास अवघडून बसलेल्या खेळाडूचे स्नायू दुसऱ्या दिवशी साथ देत नाहीत. तीन दिवसांनी पुन्हा सामना असेल तर झोपेचा एकेक तास मोलाचा ठरतो. लंडनला जाताना मँचेस्टरचे संघ रेल्वेचा वापर करीत आले आहेत. म्हणजे वेळ जुळली तर क्लबांना रेल्वेचे वावडे नाही. वेळ जुळत नाही, कारण ती दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसाठी निश्चित झालेली असते. परतीच्या गाडीची चिंता वाहणाऱ्या पाहुण्या संघाच्या चाहत्यांचीही हीच तक्रार असते.

फ्रान्समध्ये हा वाद २०२२ मध्ये हशाचा विषय झाला. पॅरिस सेंट जर्मेनचा संघ नांतच्या सामन्याला विमानाने गेला. पॅरिसहून नांतला अतिजलद रेल्वेने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. त्याविषयी पत्रकार परिषदेत विचारले असता किलियन एम्बापे हसू लागला आणि प्रशिक्षक क्रिस्तोफ गाल्तिए यांनी वाळूवर चालणाऱ्या शिडाच्या गाडीने प्रवास करण्याचा विचार सुरू असल्याची कोटी केली. या विनोदावर देशभर टीका झाली. रेल्वेने अडीच तासांच्या आत गाठता येणाऱ्या काही मार्गांवरील नियमित विमानसेवा बंद करणारा नियम मे २०२३ मध्ये लागू झाला. मात्र खास भाड्याने घेतलेली विमाने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. सामान्य प्रवाशाने रेल्वे पकडायची आणि फुटबॉल संघाने विमान, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

अपघातांनी शिकविलेला धडा

पर्यावरण आणि थकवा हे आजचे मुद्दे आहेत. त्याहून जुना मुद्दा जिवाच्या सुरक्षिततेचा आहे. फुटबॉलच्या इतिहासातील मोठ्या विमान अपघातांकडे केवळ दैवदुर्विलास म्हणून पाहण्याची सवय आहे. परंतु प्रत्येक अपघातामागील प्रवासाची आखणी पाहिली, तर घाई आणि काटकसर यांची सावली दिसते.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे मँचेस्टर युनायटेडचे विमान कोसळून २३ जण मृत्युमुखी पडले; त्यांत आठ खेळाडू होते. बेलग्रेडमधील युरोपियन चषकाचा सामना आटोपून संघ परतत होता आणि शनिवारी वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध लीगचा सामना ठरलेला होता. इंग्लिश लीगला युरोपीय स्पर्धेविषयी फारशी आस्था नव्हती आणि संघाने वेळेत परतावे, याबाबत ती आग्रही होती. आधीच्या फेरीत प्राग येथून परतताना धुक्यामुळे संघाचे हाल झाले होते, म्हणून या वेळी खास विमान भाड्याने घेतले गेले. म्युनिकला इंधन भरल्यानंतर उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. तिसरा जीवघेणा ठरला. धावपट्टीवर साचलेला ओला बर्फ हे अपघाताचे तांत्रिक कारण होते, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र तिसऱ्यांदा प्रयत्न करण्याऐवजी रात्रभर थांबण्यास वेळापत्रकात जागा होती का, हा प्रश्न तंत्रज्ञांचा नव्हे.

झांबियाची कथा गरिबीची आहे. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्रीय संघ विश्वचषक पात्रता सामन्यासाठी सेनेगलला निघाला. प्रवासी विमानाच्या तिकिटांसाठी पैसा नसल्याने हवाई दलाचे जुने विमान देण्यात आले. इंधनासाठी ठिकठिकाणी थांबत जाणारे हे विमान गॅबनमधील लिब्रेव्हिल येथून उडाल्यानंतर समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ३० जण मरण पावले. इंजिनातील बिघाड, वैमानिकाने चुकून बंद केलेले चांगले इंजिन आणि त्याचा थकवा, या बाबी तपासात पुढे आल्या. हाच वैमानिक आदल्या दिवशी संघाला मॉरिशसहून घेऊन आला होता.

ब्राझीलच्या शापेकोएन्स क्लबचे विमान नोव्हेंबर २०१६ मध्ये कोलंबियातील मेडेयिनजवळ कोसळले. विमानातील ७७ जणांपैकी केवळ सहा वाचले. 'लामिया' या बोलिव्हियन कंपनीचे विमान थेट ब्राझीलहून नेण्यास तेथील हवाई वाहतूक यंत्रणेने परवानगी नाकारली होती, म्हणून संघ बोलिव्हियामार्गे निघाला. कागदपत्रांत प्रवासाचा अपेक्षित कालावधी आणि इंधन पुरण्याचा कालावधी एकच, म्हणजे चार तास २२ मिनिटे, असा नोंदविलेला होता. वाटेत इंधन भरण्यासाठी थांबण्याचे टाळले गेले आणि धावपट्टी जवळ आली असताना टाक्या रिकाम्या झाल्या. त्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघानेही याच कंपनीच्या विमानातून प्रवास केला होता. संघ कोणाच्या विमानात बसतो, याची पडताळणी स्पर्धेच्या आयोजकांनी करायची की क्लबने, याचे उत्तर त्या अपघातापूर्वी कोणी मागितलेच नव्हते.

पैसा, समानता आणि भारत

प्रवास हा खेळातील समानतेचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील मेजर लीग सॉकरने बरीच वर्षे चार्टर विमानांच्या वापरावर मर्यादा घातली होती. श्रीमंत क्लबने प्रवासाच्या जोरावर वरचढ होऊ नये, हा त्यामागील विचार होता. परिणाम असा झाला, की अवाढव्य देशात खेळाडूंना नियमित विमानांच्या विलंबात ताटकळावे लागे. खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटींत हा विषय लावून धरला, तेव्हा कुठे ही मर्यादा सैल झाली.

भारतातील अंतरे युरोपातील बहुतेक लीगपेक्षा मोठी आहेत. गुवाहाटीहून कोचीला जाणे म्हणजे देश ओलांडण्यासारखेच आहे. करोनाच्या काळात, २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत इंडियन सुपर लीग गोव्यातच खेळविली गेली. फातोर्डा, वास्को आणि बांबोळी येथील मैदाने तासाभराच्या अंतरात होती. प्रवास जवळजवळ नाहीसा झाला, परंतु घरचे मैदान आणि प्रेक्षकही नाहीसे झाले. प्रवास पूर्णपणे टाळणे हा उपाय नव्हे, हे त्यातून दिसले. दुसरीकडे, मोहन बागानने २०२४ मध्ये तबरीझला आणि २०२५ मध्ये इस्फहानला संघ पाठविला नाही. सुरक्षिततेविषयीची भीती हे त्याचे कारण होते. दोन्ही वेळा आशियाई महासंघाने क्लबने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानले. जोखीम कितपत आहे, याचा निवाडा महासंघाचा. ती पत्करण्याची वेळ खेळाडूंवर, असेच हे चित्र आहे.

चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात २०२४ पासून प्रत्येक संघाला सहाऐवजी आठ सामने खेळावे लागतात. विश्वचषकाचा विस्तार ४८ संघ आणि १०४ सामन्यांपर्यंत झाला असून, २०२६ च्या स्पर्धेसाठी तीन देशांतील १६ शहरे निवडण्यात आली. या वाढत्या भाराविरुद्ध 'फिफप्रो' या खेळाडूंच्या संघटनेच्या युरोपीय शाखेने आणि युरोपातील लीगनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फिफा'विरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार दाखल केली. तिचा रोख सामन्यांच्या दिनदर्शिकेवर आहे. प्रवास हा त्याच दिनदर्शिकेचा न दिसणारा भाग होय.

यावर उपाय अवघड असले तरी अशक्य नाहीत. लांबच्या प्रवासानंतरच्या सामन्यास किमान विश्रांतीचे दिवस राखून ठेवणे, रेल्वेने जाता येईल अशा लढती परतीची गाडी मिळेल अशा वेळी ठेवणे आणि भाड्याच्या विमानांची तपासणी स्पर्धेच्या नियमावलीत बंधनकारक करणे, एवढे तरी महासंघांना करता येईल. यात प्रक्षेपणाच्या उत्पन्नाला थोडी झळ बसेल. ती सोसण्याची तयारी नसेल, तर क्लबांना छोट्या उड्डाणांबद्दल दोष देण्याचा नैतिक अधिकारही महासंघांना उरत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनी प्रवासाचीही जबाबदारी स्वीकारली पाहिजे. तोवर खेळाडूची झोप, हवेतील धूर आणि जिवाची जोखीम यांचा हिशेब कोणाच्याच वहीत लिहिला जाणार नाही.