रिपोर्ट नंतर दाखवा, आधी काय पाहिलं ते सांगा

"डॉक्टर, ईईजी नॉर्मल आलाय. मग गोळ्या बंद करू ना?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. कधी उलटंही असतं. मुलाला आयुष्यात एकदाही फिट आलेली नाही, पण डोकं दुखतं म्हणून कुणीतरी ईईजी काढला, त्यात दोष निघाला आणि घरात रडारड. दोन्हीकडे गोंधळ एकच. फिटचा आजार आहे की नाही हे मशीन ठरवत नाही.

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची साधारण अर्ध्या तासाची नोंद. महिन्यातून एकदा आकडी येणाऱ्या मुलाचा मेंदू त्या अर्ध्या तासात अगदी शांत असू शकतो. अपस्मार असलेल्या बऱ्याच मुलांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो तो यामुळेच. झोपेत दोष सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून आदल्या रात्री मुलाला जागवायला सांगतात. (आणि केस धुऊन आणा, तेल लावू नका. आजी ऐकत नाहीत, मला माहीत आहे.) उलट, कधीच फिट न आलेल्या काही निरोगी मुलांच्या ईईजीतही दोष दिसतो. अशा कागदावर वर्षानुवर्षं गोळ्या देणं मला मान्य नाही.

निदान होतं ते हकिकतीवरून. रडता रडता श्वास धरून निळं पडलेलं बाळ, शाळेच्या प्रार्थनेत उभी असताना चक्कर येऊन पडलेली मुलगी, दोघांचेही हातपाय क्षणभर झटकतात. तो अपस्मार नव्हे. म्हणून फाइल घेऊन बाबा एकटे आले तर मी विचारतो, पाहिलं कुणी? तिला आणा, नाहीतर फोनवर घ्या. पुन्हा झटका आला तर आधी मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि मग मोबाइलवर चित्रण करा. चेहरा, डोळे, दोन्ही हात दिसू द्या. पाच मिनिटांत थांबला नाही तर चित्रण सोडा, दवाखाना गाठा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात सर्वांगाला एकच छोटी आकडी आली आणि नंतर ते नीट शुद्धीवर आलं, तर ईईजी, सीटी, एमआरआय यातलं काहीच सहसा लागत नाही. ताप कशाचा, हे मात्र शोधावं लागतं. मेंदूज्वराची शंका असेल, विशेषतः वर्षाच्या आतल्या बाळात, तर पाठीतलं पाणी तपासावं लागतं. गंमत अशी, की सीटीसाठी हट्ट धरणारे पालक नेमकं याला नकार देतात. अंगाच्या एकाच बाजूला झटके येत असतील तर एमआरआय हवाच; आपल्याकडे त्यात जंताची किंवा टीबीची गाठ सापडते.

एका बाबतीत मात्र मीच ईईजीची घाई करतो. तीन महिने ते वर्षाचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखं करतं, मान पुढे झुकते, हात वर उडतात, थोडं थांबून पुन्हा तेच. घरी म्हणतात, पोट दुखतंय, ग्राइप वॉटर द्या. हसणं, बघणं कमी होत जातं. असं दिसलं तर चित्रण करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि झोपेतला ईईजी एक-दोन दिवसांतच करून घ्या.