विलंबानें हक्क बुडतो

हक्क न्याय्य असला म्हणजे तो केव्हांही मागतां येतो, ही समजूत परभणीच्या व्यापाऱ्यांनीं सोडावी असें आमचें मत आहे. विक्रीकरांत सरकारजमा झालेली रक्कम अनेक वर्षांनीं मागणाऱ्या मुंबईच्या तिलोकचंद मोतीचंद पेढीस सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं दाद दिली नाहीं. उलट १९५६ सालीं आपल्या मराठवाड्याबरोबर हैदराबादेंतून मुंबई राज्यांत आलेल्या तहसीलदारांची बढतीविषयक तक्रार, दहा वर्षांहून अधिक विलंब होऊनही, त्याच न्यायालयानें १९७३ सालीं ऐकली. कारण मधल्या काळांत इतरांचे हक्क पक्के झाले नव्हते. मर्म हेंच. आपल्या मौनावर विसंबून दुसऱ्यानें घर बांधलें, कीं न्यायासनास तें मोडवत नाहीं. म्हणून वाचकहो, दाद वेळींच मागा.