एकांडा शिकारी आणि 'सरकारी' रान

भाषांतर-अभ्यासाच्या पत्रिकेसाठी गेल्या वर्षी आम्ही एम. ए. मराठीच्या वर्गाला एक इंग्रजी उतारा दिला होता. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात हरणाच्या शिकारीला एकट्याने गेलेल्या एका माणसाचे ते कथन. पहाटेच्या अंधारात गाडी कच्च्या रस्त्याच्या कडेला लावायची, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात चढण चढायची, वारा कोणीकडून येतो ते पाहून बसायचे, दुर्बिणीतून समोरची उतरण तासन् तास न्याहाळायची. चार दिवस काहीच घडत नाही. पाचव्या दिवशी खेचरासारख्या लांब कानांचा म्यूल डिअर जातीचा एक नर टप्प्यात येतो आणि एका गोळीत पडतो. तिथपर्यंत उतारा निम्माच होतो. उरलेला निम्मा भाग जनावर सोलणे, त्याचे वाटे करणे आणि ते मांस पाठीवर घालून तीन खेपांत गाडीपर्यंत आणणे यात जातो.

या उताऱ्यात 'पब्लिक लँड' हा शब्द सहा वेळा येतो. जवळजवळ सर्वांनी त्याचे 'सरकारी जमीन' केले, काहींनी 'वनखात्याची हद्द'. एका विद्यार्थिनीने तर 'तो सरकारी जंगलात चोरून शिकारीला गेला' असे लिहिले. मुळात 'चोरून' कोठेच नाही. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "जंगल सरकारचं, माणूस एकटा, हातात बंदूक. म्हणजे चोरूनच ना, सर?"

तिचे गुण आम्ही कापले नाहीत. उलट त्या एका शब्दात तिने आमच्या साहित्यव्यवहाराचा एक अख्खा प्रदेश उघडा केला असे आम्हांस वाटते. परंतु तिकडे वळण्याआधी ज्या आक्षेपामुळे हा लेख लिहावा लागत आहे त्याचा समाचार घेतला पाहिजे.

आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आहे. असा उतारा अभ्यासक्रमात ठेवणे म्हणजे हिंसेचे उदात्तीकरण होय. निसर्गलेखनच शिकवायचे तर थोरो शिकवा, असे त्यांचे म्हणणे. थोरोचे नाव घेणाऱ्यांनी थोरो वाचलेला असावा एवढी माफक अपेक्षा ठेवावी काय? 'वॉल्डन'मधील (1854) 'हायर लॉज' या प्रकरणाच्या आरंभीच वाटेत आडवे गेलेले एक रानटी जनावर पकडून कच्चेच खावे अशी इच्छा थोरोला होते, आणि मुलांना शिकार करू द्यावी, तो त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे, असेही तो मित्रांना सांगतो. हाच थोरो मेनच्या अरण्यात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीला सोबत म्हणून जातो आणि ते जनावर सोलताना पाहून विटतोही. दोन्ही गोष्टी त्याच्या लेखनात शेजारी शेजारी नांदतात. त्यांतली एक आवडली म्हणून दुसरी नाहीशी होत नाही.

खरी अडचण हिंसेची नाहीच. हिंसा खुपत असती तर 'शाकुंतल' कोणत्या तोंडाने शिकवले असते? हरणामागे धावणाऱ्या राजाच्या रथानेच त्या नाटकाचा पडदा उघडतो. 'मृग' हा शब्दच मुळी कोणत्याही वन्य पशूला लागू होता आणि शिकारीला 'मृगया' म्हणतात, इतके आपल्या भाषेत हरीण आणि शिकार एकमेकांत गुंतलेले. रामायणात राम कांचनमृगामागे एकटा जातो आणि सर्व अनर्थ ओढवतो. मृगरूपातील किंदम ऋषीवर पांडू बाण सोडतो, दशरथ आवाजाच्या रोखाने सोडतो, दोघांनाही शाप. हे सारे राजे आहेत, आणि एकट्याने केलेली शिकार आपल्या काव्यपरंपरेत बहुधा चुकीचीच ठरते. तथापि ती चूक कोणती? दुष्यंताला तापस थांबवतात ते हे आश्रमाचे हरीण आहे म्हणून. म्हणजे तिथेही मारावे की न मारावे याच्याआधी हे जनावर कोणाच्या हद्दीतले, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या सहकाऱ्यांनी नेमका तोच गाळला आहे.

अमेरिकन कादंबरीही याच प्रश्नातून वाढली. जेम्स फेनिमोर कूपरच्या 'द पायोनियर्स' (1823) या कादंबरीच्या पहिल्याच प्रसंगात बर्फात पडलेल्या एका हरणावरून वाद होतो : गोळी कोणाची लागली, हरीण कोणाचे? वाद जमीनमालक न्यायाधीश टेंपल आणि रानात वाढलेला नॅटी बंपो यांच्यातला. पुढे हंगामाबाहेर हरीण मारले म्हणून त्याच नॅटीवर कायद्याचा बडगा येतो आणि ज्या रानात तो कायद्याच्या आधीपासून राहत होता त्याच रानाच्या कायद्याने तो तुरुंगात जातो. कूपरची शैली आज जड वाटते, हे कबूल. परंतु एका देशाच्या कथात्म साहित्याने आपल्या बाल्यातच मालकीचा प्रश्न इतक्या उघडपणे विचारावा ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यामागे इंग्लंडचा इतिहास होता. तिथे 'फॉरेस्ट' हा शब्द मुळात झाडीसाठी नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या आणि वेगळ्या कायद्याखाली असलेल्या मुलखासाठी होता. 1723 च्या ब्लॅक अॅक्टने तर तोंडाला काळे फासून हरणे मारणाऱ्यांना फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली. राजाचे हरीण मारणारा तो चोर, हे समीकरण समुद्रापलीकडे जाऊन मोडले गेले.

फॉकनरच्या 'गो डाउन, मोझेस'मधील (1942) अरण्य आम्ही दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी तिथे एक गोष्ट निसटते. 'द बेअर' या कथेत मुलगा आयझॅक बंदूक, घड्याळ, होकायंत्र टाकून एकटा रानात शिरतो तेव्हा त्याला ते अस्वल दिसते. वर्गात या प्रसंगावर पानेच्या पाने लिहिली जातात. परंतु ते रान मेजर डी स्पेनच्या मालकीचे आहे, आणि खाजगी असल्यामुळेच ते पुढे लाकूड कंपनीच्या हाती जाते, ही साधी गोष्ट उत्तरपत्रिकांत क्वचितच आढळते. आयझॅकला शिकार शिकवणारा सॅम फादर्स हा चिकसॉ मुखियाचा आणि गुलाम स्त्रीचा मुलगा. ज्याचे रान होते तो नोकर, ज्याने कागद केला तो मालक. पहिले हरीण मारल्यावर मुलाच्या तोंडाला रक्त लावणारा हात त्या नोकराचा आहे.

आता आमच्या उताऱ्यातील 'पब्लिक लँड'. अमेरिकेच्या संघीय सरकारच्या ताब्यात सुमारे 64 कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या 28 टक्क्यांच्या आसपास. तीतल्या बऱ्याच मोठ्या भागात परवाना आणि त्या हंगामाचा टॅग घेतलेला कोणीही शिकार करू शकतो. तिथे मालकाची ओळख लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. रानटी जनावर कोणा जमीनदाराचे नसून राज्याने सर्वांच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, ही कल्पना या साऱ्याच्या मुळाशी. आणि ही ठेव फुकट सांभाळली जात नाही. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसे यांवरील 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला. बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीमुळे 1900 च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे पाच लाखांवर उरली नव्हती असे अंदाज आहेत. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत.

म्हणून तो माणूस 'एकटा' आहे या म्हणण्याला काही मर्यादा आहे. मराठीत आपण 'एकांडा शिलेदार' म्हणतो. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, बारगिराचे सरकारी. परंतु शिलेदाराचा पगारही दौलतीतूनच येई. या शिकाऱ्याची बंदूक स्वतःची, पाय स्वतःचे, बाकी सारे सामायिक. सूर्यास्तानंतर किती मिनिटांपर्यंत गोळी झाडता येईल, अंगावर नारिंगी कपडा किती असावा, खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा ठरतो की नाही, हे सारे राज्याराज्यांच्या नियमांनी ठरलेले. पाहणारा मात्र कोणी नसतो. आल्डो लिओपोल्डने शिकारीचे वेगळेपण यातच पाहिले होते, की इथे टाळ्या वाजवणारा किंवा नावे ठेवणारा प्रेक्षकच हजर नसतो. लिओपोल्ड स्वतः शिकारी होता. तरुणपणी आपण मारलेल्या एका लांडगीचे विझते डोळे पाहून त्याचे मत पालटले आणि लांडगे संपले की हरणेच डोंगर खाऊन टाकतात हे त्याने लिहिले. शिकार सोडून नव्हे, करीत राहून लिहिले.

आपल्याकडील शिकारकथेशी हे ताडून पाहावे. व्यंकटेश माडगूळकरांसारखे अपवाद सोडले तर आपली शिकारकथा मचाणावरून सांगितलेली आहे. 'मी वाघ मारला' या वाक्यातील 'मी'च्या खाली पन्नास हाकारे असतात. ते रान उठवतात, जनावर वाहून नेतात, सोलतात. कथेत त्यांना नाव नसते. आमच्या उताऱ्यात निम्मी पाने ओझे वाहण्यात गेली आहेत, हे विद्यार्थ्यांना कंटाळवाणे वाटले. आम्हांस तोच त्याचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

याचा अर्थ या लेखनप्रकाराची आम्ही आरती ओवाळतो असा नाही. त्यात एक मोठी लबाडी आहे आणि ती 'रिकामे रान' या शब्दांत आहे. ते रान रिकामे नव्हते, रिकामे केले गेले. क्रो जमातीने 1868 च्या तहात अमेरिकेच्या वस्ती नसलेल्या जमिनींवर शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. 2014 मध्ये त्या जमातीतील एक शिकारी माँटानातून एल्कांच्या मागावर वायोमिंगमधील बिगहॉर्न नॅशनल फॉरेस्टमध्ये शिरला. त्याच्यावर खटला झाला, आणि 'वस्ती नसलेली' याचा अर्थ काय यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2019 मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचे मानले. म्हणजे 'पब्लिक' या शब्दात क्रो मोजायचा की नाही, हे ठरायला दीडशे वर्षे लागली. एकांतातील आनंदाची पानेच्या पाने लिहिणाऱ्या शिकाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा एकांत कसा तयार झाला याची चौकशी करावीशी वाटते.

दुसऱ्या बाजूने तो शब्द पैसेवाल्यांनाही खुपतो. 1862 च्या रेल्वे-कायद्याने पश्चिमेत एकाआड एक चौरस मैल रेल्वे कंपन्यांना दिला गेला. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. सार्वजनिक चौकोन फक्त कोपऱ्याला एकमेकांना शिवतात. 2021 मध्ये वायोमिंगमधील एल्क माउंटनजवळ चार शिकाऱ्यांनी एक शिडी उभी केली आणि खाजगी मातीला पाय न लावता या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर उतरले. जमीनमालकाचे म्हणणे, माझ्या जमिनीवरची हवा तुम्ही ओलांडली! फौजदारी खटल्यात ज्यूरीने त्यांना सोडले आणि 2025 मध्ये अपील न्यायालयानेही शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. चार माणसे, एक शिडी आणि हवेची मालकी : एखाद्या नाटककाराला याहून अधिक काय हवे?

आता पुन्हा 'चोरून'कडे. या विद्यार्थिनीने चूक केली, पण ती भाषेची नव्हे. आपल्याकडे रान आधी राजाचे होते. राधानगरी-दाजीपूरचे जंगल ही कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारभूमी. मग ते 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी सरकारचे झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. परंतु राजा, साहेब आणि संस्थानिक यांनी रान पोखरले आणि शिकारीचा कलंक मात्र फासेपारध्याच्या कपाळी कायमचा चिकटला. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू केली, तीत तोही सापडला. 1952 मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना रानावरचे सामूहिक हक्क दिले. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने ते 2009 मध्ये मिळवलेही. त्याच कायद्यात पारंपरिक शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे.

अशा भाषेत 'पब्लिक लँड'ला शब्द कोठून यावा? 'सरकारी' म्हणावे तर ती आपली राहत नाही. एका विद्यार्थ्याने 'रयतेचे रान' लिहिले. कानाला गोड, पण रयत म्हटले की राजा आलाच. आम्ही अर्धे गुण दिले. 'गायरान' जवळचा वाटतो. परंतु 1959 आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांना पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह करावे लागले, तेव्हा गायरान तरी सर्व गावाचे होते असे कोणी म्हणावे? सामायिक मालकीचा अनुभवच विरळ असलेल्या समाजाने शब्द शोधायचा तो कोशात नव्हे. आणि हिंसेच्या नावाने उतारा काढून टाकला की हा शोध सुरू होण्याची शक्यताच उरत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती उरते ती नीतिमत्तेची एक आयती चिठ्ठी.

यंदा आम्ही तोच उतारा पुन्हा दिला आहे. 'पब्लिक लँड' तसाच देवनागरीत ठेवा आणि त्याला मराठी प्रतिशब्द का सापडत नाही यावर दोनशे शब्द लिहा, असे सांगितले आहे. सहकाऱ्यांनी दुसरे पत्र दिले असून ते अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. या लेखाची एक प्रत आम्ही त्यांना दिली आहे. सोबत 'हायर लॉज' या प्रकरणाचीही.