रिफ्लेक्शन लूपच्या बाहेर ठेवा!

२००५ साली डॉटनेट २.० सोबत जेनेरिक्स आली आणि अ‍ॅरेलिस्टमध्ये प्रत्येक इंट बॉक्स करून कोंबायची कटकट संपली. तरीही युजरने निवडलेल्या कॉलमवर सॉर्ट करायचं म्हटलं की मंडळी कंपेअररच्या आतच गेटव्हॅल्यू लिहून मोकळी होतात. अहो, जरा हिशोब करा! एक लाख ओळी, सॉर्टला साधारण सोळा लाख तुलना, दर तुलनेला दोन किमती. म्हणजे बत्तीस लाख वेळा रिफ्लेक्शन, आणि कॉलम आकड्यांचा असेल तर दर वेळी पुन्हा बॉक्सिंग. जेनेरिक्सने वाचवलेलं सगळं इथे उधळलं.

माझं मत सरळ आहे. प्रॉपर्टी कुठली, हे रिफ्लेक्शनला एकदाच विचारा. क्रिएटडेलिगेट वापरून तिच्या गेटरचं टाइप्ड डेलिगेट बनवा, त्यावरून एक कंपॅरिझन, आणि ते जेनेरिक क्लासच्या स्टॅटिक डिक्शनरीत टाका. डॉटनेटमध्ये दर टाइपला वेगळं स्टॅटिक मिळतं, त्यामुळे कॅश आपोआप टाइपवार होते. (जावावाल्यांनो, तुमच्याकडे इरेजर आहे, तिथे ही युक्ती चालत नाही.) अनेक थ्रेड असतील तर लॉक हवंच.

आणि प्रॉपर्टीचं नाव कुणी बदललं तर? स्ट्रिंगमधल्या नावाबद्दल कंपायलर गप्पच बसतो. म्हणून ही डेलिगेट्स प्रोग्रॅम सुरू होतानाच बनवा. एक्सेप्शन यायचं ते तिथे येऊ दे, महिनाअखेरीच्या पगारपत्रकात नको.